राखाडी फ्लेमिंगो: रंगकाम नाकारणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ऐरोलीत खाडीच्या बाजूला, गावठाण आणि सेक्टर जिथे एकमेकांना खेटतात, तिथे ही बालवाडी आहे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, शेडपुढे हातभर मातीचं अंगण. तीन ते पाच वर्षांची २४ मुलं, एक ताई, एक मावशी आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या संचालिका बाई. निम्मी मुलं गावातल्या आगरी-कोळी घरांतली, बाकीची सेक्टरमधल्या नोकरदारांची. ठाणे-नवी मुंबईतल्या अशा लहान बालवाड्यांमध्ये जाऊन मी तिथल्या ताईंबरोबर काम करते. मुलाचं नाव आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. त्याला इथे वेदू म्हणू.

रोज ११ वाजता 'कलरिंग' असायचं. हा शब्द मुलं, पालक, मावशी सगळेच वापरतात. नेटवरून उतरवलेल्या चित्राची झेरॉक्स, मेणाच्या खडूंचा डबा आणि ४० मिनिटं. जूनमध्ये चेंडू आणि सफरचंद होतं, ऑक्टोबरपर्यंत भाजीमंडईचं चित्र आलं होतं. त्यात वांगी, टोपल्या, तराजू, बाईच्या पातळाचे काठ, सगळे तुकडे नखाएवढे. पूर्ण झालेल्या पानावर स्टार मिळायचा आणि ते पान फाईलला लागायचं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालक फाईल बघायचे.

या फाईलला हसू नये. फलक नाही, बस नाही, गणवेश नाही, अशा बालवाडीकडे पालकाला दाखवायला दुसरं काय असतं? आपलं मूल रोज तीन तास काय करतं याचा हातात धरता येईल असा तेवढाच पुरावा असतो. पुढचं सगळं प्रकरण या फाईलभोवती फिरलं.

अडचण

वेदू ४ वर्षं ३ महिन्यांचा. बोलका, धावरा, गाण्यात पुढे. जूनमध्ये त्याने दोन-तीन पानांवर थोडं गिरगटलं आणि मग थांबला तो थांबलाच. पान समोर आलं की दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचा आणि ताईला म्हणायचा, "तू कर."

दिवाळीच्या सुट्टीत ताईने घरी रंगवायला पानं दिली. आईने त्यात आणखी एक रंगवायचं पुस्तक विकत आणून भर घातली. ती आयटी पार्कमधल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. संध्याकाळी सातला घरी आली की कुकर लावून त्याला घेऊन बसायची. रोज रडारड व्हायची. सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा अकराच्या सुमारास वेदूच्या पोटात दुखू लागलं. शनिवारी-रविवारी दुखत नसे.

ताईची काळजी वेगळी होती. बाकीची मुलं आता सहज म्हणायला लागली होती, "वेदूला येत नाही." बाईंना रिकाम्या फाईलची चिंता. आईची भीती तिसरीच होती: "मोठ्या शाळेत घेताना बसवून रंगवायला देतात म्हणे. हा हातच लावणार नाही." नोव्हेंबरच्या अखेरीस ताईने मला बोलावलं.

आधी नुसतं पाहिलं

पहिला निर्णय ताईचाच. एक आठवडा वेदूला रंगवायला सांगायचं नाही आणि तो हाताने दिवसभर काय-काय करतो ते वहीत लिहायचं. वर्गात २३ मुलं आणखी असताना हे सोपं नाही. मावशीने त्या आठवड्यात डब्याची वेळ एकटीने सांभाळली म्हणून जमलं.

वहीतल्या नोंदींनी चित्र बरंच पालटलं. शेडपुढच्या ओल्या मातीत काडीने तो होडी काढत होता. डोलकाठी, जाळं, माशांचे ठिपके, सगळं. त्यासाठी उकिडवा बसायचा आणि हात खांद्यापासून फिरवायचा. शर्टाची बटणं लावत होता, वरचं एक सोडून. जेवताना, चेंडू फेकताना उजवा हात. वर्गात मात्र मांडी घालून, खाली वाकून, लांब बारीक खडू मुठीत धरायचा. दोन फराटे मारले की हात झटकायचा.

इथे थोडं हाताविषयी सांगायला हवं, कारण आई आणि बाई दोघींचा पहिला प्रश्न हाच होता: "मुलगा मागे आहे का?" मुलाच्या हातावरचा ताबा खांद्याकडून बोटांकडे उतरत येतो. आधी अख्खा हात फिरतो, मग कोपर, मग मनगट, बोटं सर्वांत शेवटी. दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं. तीन बोटांची पकड बहुतेकांना चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागते आणि हात स्थिर ठेवून नुसती बोटं हलवणं पाच-सहा वर्षांपर्यंत येत राहतं. मनगटातली आठ हाडं जन्मताना कूर्चेचीच असतात. ती एकेक करून टणक होतात आणि शेवटचं तर साधारण ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान. आकारांचंही तसंच. बघून गोल काढणं तिसऱ्या वर्षाच्या आसपास येतं, अधिकची खूण चौथ्या, चौकोन त्यानंतर आणि त्रिकोण पाचव्याच्या सुमारास. वेदू गोल आणि अधिक काढत होता, चौकोनाचे कोपरे त्याचे गोल व्हायचे. म्हणजे तो वयाला धरूनच होता, भाजीमंडईचं चित्र वयाच्या पुढे गेलं होतं.

पण मग बाकीची मुलं कशी रंगवत होती? ताईने आठवडाअखेरीस त्यांच्याकडेही बघितलं. पाच वर्षांच्या जवळ आलेली सात-आठ मुलं मन लावून रंगवत होती. उरलेली पानावर एकच रंग फासून "झालं" म्हणून मोकळी होत होती आणि त्यांनाही स्टार मिळत होता. वेदूने तेवढं केलं असतं तर मला कुणी बोलावलंच नसतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सराव वाढवायचा. ठिपके जोडणं, गिरवणं, रोज एक सोपं पान. आईचा कल इकडे होता आणि तिचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, सरावाने हात बसतो हे खरंच. अडचण अशी की दिवाळीत हाच प्रयोग झाला होता आणि त्यातूनच पोटदुखी आली होती.

दुसरा, रंगकाम या वर्षापुरतं सोडून द्यायचं. ताई इतकी वैतागली होती की तिला हे पटत होतं. कलाशिक्षणात रंगवायच्या तयार पानांना विरोध जुना आहे. व्हिक्टर लोवेनफेल्डसारख्या अभ्यासकाने १९४०च्या दशकातच लिहिलं होतं की दुसऱ्याने आखलेल्या चित्रात रंग भरत राहिलं की मुलाचा स्वतःच्या रेषेवरचा विश्वास उडतो. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. तरीही सगळं बंद करणं मला अतिरेकी वाटलं. खडू धरणं, जोर कमी-जास्त करणं, कुठे थांबायचं ते डोळ्याने ठरवून हाताला सांगणं, समोरच्या वस्तूचा रंग नीट बघणं, हे सगळं रंगकामातून मिळतं. दोष झेरॉक्सच्या पानात होता, त्यासाठी खडूच काढून घ्यायचं कारण नव्हतं.

तिसरा पर्याय ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे हाताच्या आणि रोजच्या कामांच्या हालचाली तपासून त्यांचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवायचा. यावर सर्वांत जास्त वेळ बोललो. लवकर दाखवलेलं बरं, हे तत्त्व बरोबर आहे. पण दर बैठकीची फी, आईची रजा आणि घरात "पोराला काय झालंय" ही कुजबुज, हे सगळं त्याबरोबर येणार होतं. बटणं, जेवण, जिना चढणं-उतरणं, उडी, मातीतली होडी, यात कुठेही धोक्याची खूण दिसत नव्हती. म्हणून ठरलं की आत्ता नाही, पण मुदत घालून. जानेवारी संपेपर्यंत हात लवकर दमणं कमी झालं नाही किंवा येत होतं तेही मागे पडलं, तर पाठवायचंच. ही मुदत वहीत तारखेसह लिहिली. तोंडी ठरलेली मुदत फेब्रुवारीत कुणाला आठवत नाही.

चौथा पर्याय साहित्य, बसण्याची रीत आणि अपेक्षा बदलायची. तोच घेतला.

काय केलं

बदल एकट्या वेदूसाठी करायचा की सगळ्या वर्गासाठी, हा खरा वळणाचा प्रश्न होता. त्याला एकट्याला सूट दिली असती तर "वेदूला येत नाही" यावर शिक्काच बसला असता. म्हणून वर्गाचंच ११ वाजताचं काम बदललं. बाईंनी होकार दिला, पण एका अटीवर: शुक्रवारी एक पान फाईलसाठी झालंच पाहिजे. शासनाचं याबद्दल काय म्हणणं आहे, असंही त्यांनी विचारलं. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला आहे. ३ ते ८ वर्षांच्या त्या टप्प्यात भर खेळावर, गप्पांवर आणि हाताळून शिकण्यावर आहे, हे ताईने त्यांना दाखवलं. त्यांचं समाधान झालं की त्या नुसत्या गप्प बसल्या, ते सांगता येत नाही. शुक्रवारची अट कायम राहिली.

पहिले आठ-दहा दिवस कागदच नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये रंगाऱ्याचे दोन इंची ब्रश आणि पाण्याची बादली. मुलं सिमेंटची जमीन पाण्याने 'रंगवायची' आणि ऊन लागलं की ते वाळून जायचं. यात चुकायला काही नव्हतंच. वेदू पहिल्याच दिवशी आला.

मग खडू मोडले. नव्याकोऱ्या खडूंचे दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे करताना बाईंचा जीव वरखाली झाला. पण एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, अंगठा आणि दोन बोटं आपोआप पुढे येतात. कितीदा "नीट धर" म्हटलं तरी न होणारं काम तुकड्याने होतं. कागद जमिनीवरून उचलून भिंतीवर, मुलांच्या छातीच्या उंचीला चिकटवला. उभ्याने रंगवताना खांदा मोकळा फिरतो आणि मनगट आपसूक मागे वळतं, लिहिताना पुढे लागणारी ठेवण तीच. कागद म्हणजे ऑफिसातले पाठकोरे, दोन-चार एकत्र चिकटवलेले. वेदूची आईच पिशवी भरून आणायची. रंगवायच्या पुस्तकापेक्षा ही तिची मदत मोठी ठरली.

घरी आजीला कामं सांगितली: मटार सोलायला बसवा, कणकेचा गोळा द्या, जवळा निवडायला घ्या. जवळ्यातला कचरा चिमटीने वेचणं हा बोटांना झकास व्यायाम आहे आणि त्या घरात तो रोजचाच होता. आजीला यात शाळेचं काय, हे कळेना, पण तिने केलं.

माझ्या मते सर्वांत जास्त शिकणं रंगांच्या पेटीतून झालं. पेटी म्हणजे बुटांचं खोकं. रोज एका मुलाने घरून एक वस्तू आणायची आणि तिचा रंग सगळ्यांनी मिळून ठरवायचा. आमसूल, अबोलीचं फूल, गेरूचा खडा, शिंपला, बाटलीची झाकणं, जाळ्याचा तुटका निळा दोरा. हा पोपटी की शेवाळी? झाकण डाळिंबी की लाल? भांडणं व्हायची. मग त्या रंगाच्या जवळचा खडू शोधायचा, एकावर एक घासून बघायचं. कुणीतरी लाल-पिवळा मिसळून नारिंगी केला तेव्हा दोन दिवस सगळ्यांचं सगळं नारिंगी होतं. वर्गीकरण, तुलना, नवे शब्द, आपलं म्हणणं मांडणं, हे सगळं अकराच्या त्या वेळेत घडत होतं आणि फाईलमध्ये यातलं काही लागत नव्हतं.

यात नवं काही नाही, हेही सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यातच होती. शिंपले, पानं, खडे, बिया, परिसरात मिळेल त्या वस्तूंतून बालवाडीचं साहित्य करायची रीत त्यांनी तिथे आणि पुढे कोसबाडला रुजवली. त्याच भागात आज आपण नेटवरच्या भाजीमंडईची झेरॉक्स वाटतो.

गुलाबी की राखाडी

जानेवारीत पक्ष्यांचा आठवडा होता आणि शुक्रवारचं पान फ्लेमिंगोचं. निवड चांगली होती, ठाणे खाडीत हिवाळ्यात हे पक्षी येतात आणि ऐरोलीच्या मुलांना ते परके नाहीत. चित्र मोठं, रेषा मोजक्या. फळ्यावर ताईने नमुना लावला: गुलाबी पक्षी, निळं पाणी.

वेदूने त्या दिवशी अख्खं पान केलं. जून महिन्यापासून पहिल्यांदाच. पक्षी राखाडी, मध्येच मातकट, पाणीही मातकट. ताईने सवयीने खाली लिहिलं, "पुन्हा करा." तिने मला फोन केला तेव्हा तिच्या मनात वेगळीच शंका होती: याला रंग दिसतात ना?

शंका रास्त होती. लाल-हिरव्या रंगदोषात फिका गुलाबी आणि राखाडी यांची गल्लत होऊ शकते, आणि हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्यामुळे मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त आढळतो. रंग नाकारण्याचं मूळ हेच असेल तर आमचा सगळा खटाटोप भलत्या दिशेने चालला होता. सोमवारी ताईने पेटीतली झाकणं काढली. रंगांची नावं विचारायची नाहीत असं ठरलं होतं, कारण चार वर्षांच्या मुलाचं नाव चुकलं तरी त्यावरून काही कळत नाही. फक्त "याच्यासारखं दुसरं दे." गुलाबी, राखाडी, हिरवं, तपकिरी, नारिंगी, सगळ्या जोड्या त्याने पटापट लावल्या. ही डोळ्यांची तपासणी नव्हे, म्हणून डॉक्टरांना दाखवा असं आईला सांगितलंच. पण घाई करण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यानंतर, म्हणजे झाकणांच्या नंतर, ताईने पान समोर धरून त्याला विचारलं, "हा कोण आहे?"

"पिल्लू. आजोबांनी दाखवलं. चिखलात होतं."

आजोबा खाडीत मासेमारीला जातात. फ्लेमिंगोची पिल्लं राखाडीच असतात. गुलाबी रंग अन्नातून, शेवाळ आणि बारीक जीवांतल्या रंगद्रव्यातून येतो आणि पुरता चढायला दोन-तीन वर्षं लागतात. खाडीवरच्या थव्यात असे राखाडी पक्षी दिसतातच, आणि ओहोटीच्या वेळी पाणीही निळं नसतं. पोराने बघितलं तसं रंगवलं होतं. नमुन्याकडे बघून गुलाबी करणाऱ्या २३ जणांपैकी किती जणांनी पक्षी खरोखर पाहिला होता, कोण जाणे.

या प्रसंगातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. शेरा आधी, तपासणी नंतर, आणि मुलाला प्रश्न सर्वांत शेवटी. ताईने दुसऱ्याच दिवशी दोन नियम केले. फळ्यावर रंगवलेला नमुना लावायचा नाही. आणि स्टार किंवा शेरा यांऐवजी मूल चित्राबद्दल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहायचं. २४ मुलांचं रोज लिहिणं शक्य नव्हतं. दिवसाला पाच-सहा मुलं, आळीपाळीने.

काय निष्पन्न झालं

अकराची पोटदुखी डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबली होती. जानेवारीअखेरची मुदत आली तेव्हा हात झटकणं बरंच कमी झालं होतं, त्यामुळे थेरपिस्टकडे पाठवलं नाही. मार्चअखेर वेदू दहा-बारा मिनिटं एका चित्रावर बसत होता. तुकडा दिला तर तीन बोटांत धरतो, लांब खडू दिला तर अजूनही मुठीत जातो. रेषेबाहेर रंग जातोच. पाचवं वर्ष सरेपर्यंत याची वाट बघायला हरकत नाही.

फाईलींचं रूप बदललं. "हे माझं बाबांचं हेल्मेट, आत बाबा आहे" अशा ओळी वाचायला पालक शनिवारी रेंगाळू लागले. सगळ्यांना पटलं असं मात्र नाही. एका पालकांनी मुलीला मार्चमध्ये काढून वर्कशीट देणाऱ्या नर्सरीत घातलं, "इथे नुसतं खेळतात" म्हणून. आणि पाच वर्षांची एक मुलगी होती, तिला बारीक-बारीक भाग नेटके रंगवायला मनापासून आवडायचं. झेरॉक्स बंद झाल्यावर ती हिरमुसली. तिने मागितलं तेव्हा ताईने तिला पानं दिली, आणि बरोबरच केलं. हात तयार असलेल्या मुलाने हौसेने रंगवायचं पान घेतलं तर त्यात वाईट काही नाही.

वेदूच्या आईची मुलाखतीची भीती पूर्ण गेली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेता येत नाही, पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हे तिला सांगितलं. "कायदा आहे हो, पण शाळेत तर खुर्चीवर बसवून विचारतातच ना," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तिची काळजी मिटेल असं नव्हतं.

पुन्हा अशी वेळ आली तर

पालकांना बदल आधी सांगायला हवा होता. इथे तो डिसेंबरच्या रिकाम्या फाईलीतून कळला आणि ताईचा पुढचा महिना खुलासे देण्यात गेला. अर्ध्या तासाची सभा, त्यात पालकांच्याच हातात मोडका खडू आणि भिंतीवरचा कागद दिला असता तरी पुष्कळ झालं असतं. मुलगी काढून नेणारे पालक त्याने थांबले असते असं नाही.

सुट्टीत घरी पानं देणं टाळता आलं असतं. दमून आलेली आई आणि न करणारं मूल यांच्यामध्ये झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला की काय होतं, ते दिवाळीत दिसलं.

शुक्रवारच्या पानाबद्दल आमचं एकमत नाही. ताईचं म्हणणं, ते पान नसतं तर राखाडी पिल्लू कळलंच नसतं. मला वाटतं कोऱ्या पाठकोऱ्यावर ते अधिक लवकर कळलं असतं. बाईंना ते फाईलसाठी हवंच आहे. पुढच्या जूनपासून शुक्रवारी दोन्ही ठेवायचं ठरलंय, आखलेलं पान आणि कोरा कागद, मूल घेईल ते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेदूला मे महिन्याच्या सुट्टीत नेणार आहेत.